भरपाई मिळाली, पण कबुली नाही: अमेरिकेत लस-इजेचा दावा तडजोडीने कसा मिटतो

लशीमुळे इजा झाल्याचा दावा अमेरिकेत तडजोडीने मिटतो, तेव्हा त्याच्या कागदपत्रांत दोन विधाने जवळजवळ एकाखाली एक येतात. पहिल्यात सरकार म्हणते की या लशीमुळे ही इजा झाली हे आम्हाला मान्य नाही. दुसऱ्यात तेच सरकार म्हणते की अर्जदाराला अमुक इतक्या डॉलरचा धनादेश देण्यात यावा. प्रथमच वाचणाऱ्याला हे चमत्कारिक वाटते. लशींविषयी आधीच साशंक असलेला माणूस दुसरे विधान उचलतो आणि सरकारने गुन्हा कबूल केला असे सांगत सुटतो. लशींवर पूर्ण भरवसा असलेला माणूस पहिले विधान उचलतो आणि पैसे उगाच वाटले असे म्हणतो. माझ्या मते दोघेही कागद अर्धाच वाचतात. या तडजोडीत सत्याचा निवाडा होत नाही, तर निवाडा काय लागेल याविषयी दोन्ही बाजूंना असलेल्या अनिश्चिततेची किंमत ठरते. ती कशी ठरते हे समजण्यासाठी आधी हे दावे चालतात कुठे आणि कसे, हे पाहावे लागेल.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या एकत्रित लशीविरुद्ध खटल्यांची रीघ लागली. त्या लशीतील डांग्या खोकल्याचा घटक संपूर्ण जंतूपासून बनवलेला होता. त्याने ताप आणि झटके येऊ शकत, आणि काही मुलांच्या मेंदूला त्यामुळेच कायमची इजा झाली असा पालकांचा आरोप होता. नुकसानभरपाईच्या आणि विम्याच्या खर्चाला घाबरून उत्पादक एकामागून एक बाजारातून बाहेर पडू लागले, लशीचा तुटवडा भासू लागला, आणि दुसरीकडे ज्यांच्या मुलांना खरोखर इजा झाली असेल त्यांनाही कंपनीचा दोष सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत होत्या. या कोंडीतून १९८६ चा राष्ट्रीय बालपण लस-इजा कायदा जन्माला आला, आणि त्याखालील भरपाई योजना १ ऑक्टोबर १९८८ पासून सुरू झाली.

या योजनेचे मर्म असे की भरपाईसाठी कुणाचीही चूक दाखवावी लागत नाही. लस बनवताना हलगर्जीपणा झाला का, परिचारिकेने सुई चुकीची टोचली का, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. प्रश्न एवढाच की इजा लशीमुळे झाली का. उत्पादक कंपनी खटल्यात पक्षकारही नसते. प्रतिवादी असतात अमेरिकेचे आरोग्य व मानवी सेवा सचिव, आणि त्यांची बाजू न्याय विभागाचे वकील मांडतात. दावा चालतो वॉशिंग्टनमधील फेडरल क्लेम्स न्यायालयात, पण तेथे ज्यूरी नसते. ‘स्पेशल मास्टर’ म्हणून ओळखले जाणारे, जास्तीत जास्त आठ, न्यायाधिकारी हे दावे ऐकतात. पैसा येतो तो लशीच्या प्रत्येक डोसवर बसवलेल्या अबकारी करातून. लस जितक्या रोगांपासून संरक्षण देते, त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट असा हा कर आहे. म्हणून फ्लूच्या लशीवर ७५ सेंट, तर गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीवर २.२५ डॉलर जमा होतात. म्हणजे लस घेणारा प्रत्येक जण नकळत एका सामायिक विम्याचा हप्ता भरत असतो.

योजनेत येणाऱ्या लशीबद्दलचा दावा थेट दिवाणी न्यायालयात न नेता आधी या योजनेतच दाखल करावा लागतो. शिवाय ‘ब्रूसविट्झ विरुद्ध वायथ’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला की लशीच्या रचनेतच दोष होता, या मुद्द्यावर उत्पादकाला दिवाणी न्यायालयात खेचता येणार नाही. त्यामुळे बहुतेक अर्जदारांच्या दृष्टीने ही योजना पहिला दरवाजा असते, आणि व्यवहारात पुष्कळदा शेवटचाही.

आत शिरण्याच्या अटी कडक आहेत. इजेचे पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. येथे पुष्कळ जण फसतात, कारण मुदत निदानाच्या तारखेपासून नव्हे तर पहिल्या लक्षणापासून मोजली जाते, मग ते लक्षण कशाचे आहे हे तेव्हा डॉक्टरांनाही कळलेले नसले तरी. मृत्यूच्या बाबतीत मृत्यूनंतर दोन वर्षे आणि पहिल्या लक्षणानंतर चार वर्षे, अशा दोन्ही मुदती पाळाव्या लागतात. इजेचा परिणाम सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा लागतो, किंवा तिच्यामुळे रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करावी लागलेली असावी लागते, किंवा मृत्यू झालेला असावा लागतो. दोन दिवस हात दुखला, ताप आला, एवढ्यावर दावा उभा राहत नाही.

खरी गुंतागुंत सुरू होते ती कार्यकारणाच्या प्रश्नापासून, आणि तडजोडीचे मूळही तिथेच आहे. कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे, त्यात प्रत्येक लशीपुढे काही इजा आणि त्या किती काळात दिसायला हव्यात याची मुदत दिलेली आहे. त्या चौकटीत तुमची इजा तंतोतंत बसली, तर ती लशीमुळेच झाली असे कायदा गृहीत धरतो, आणि ती दुसऱ्या कारणाने झाली हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर येते. उदाहरणार्थ, अनेक लशींच्या बाबतीत टोचल्यापासून चार तासांच्या आत आलेली तीव्र ॲलर्जीची झटक्यासारखी प्रतिक्रिया तक्त्यात बसते. फ्लूच्या लशीनंतर तीन ते बेचाळीस दिवसांत सुरू झालेला गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस (शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते तो आजार), बसतो. आणि सुई खांद्यात चुकीच्या जागी टोचली गेल्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू झालेले खांद्याचे दुखणे बसते. यातील शेवटच्या दोन नोंदी २०१७ मध्ये तक्त्यात आल्या. खांद्याच्या दुखण्यात लशीतील औषधाचा नव्हे तर सुईच्या जागेचा संबंध असतो, ही गोष्ट बातम्या वाचताना हमखास विसरली जाते, आणि अलीकडच्या वर्षांत या न्यायालयात आलेल्या दाव्यांत अशा खांद्यांच्या दाव्यांचा वाटा फार मोठा आहे.

तक्त्याबाहेरच्या इजेसाठीही दावा करता येतो, पण मग पुराव्याचे ओझे अर्जदारावर असते. २००५ च्या ‘ऑल्थेन’ या निकालाने त्यासाठी तीन कसोट्या घालून दिल्या. या लशीने अशी इजा होऊ शकते असे सांगणारा वैद्यकीय सिद्धान्त हवा. या विशिष्ट रुग्णाच्या बाबतीत कारणापासून परिणामापर्यंत जाणारी तर्कसंगत साखळी हवी. आणि लस व इजा यांच्यातील काळ त्या सिद्धान्ताला शोभेल असा हवा. पुराव्याची पातळी फौजदारी खटल्यासारखी ‘निःसंशय’ नसते. पारडे पन्नास टक्क्यांहून केसभर जरी झुकले तरी पुरते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ एवढ्यावर कधीच समाधानी होणार नाही, आणि कायद्याची त्याच्याकडून तशी अपेक्षाही नाही. शास्त्राला लाखो लोकांमध्ये काय होते याचे उत्तर हवे असते, तर न्यायालयाला समोर बसलेल्या एका माणसाचे काय झाले याचा निर्णय ठरावीक काळात द्यायचा असतो.

शिवाय शास्त्राचे उत्तर पुढे बदलूही शकते. ज्या डांग्या खोकल्याच्या लशीवरून हे सारे सुरू झाले, तिच्याच बाबतीत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लशीमुळे मेंदूला इजा झाली असे मानल्या गेलेल्या चौदा रुग्णांपैकी अकरा जणांमध्ये अपस्माराशी निगडित एका जनुकातील दोष आढळला. म्हणजे लशीच्या तापाने पहिला झटका लवकर आला असेल, पण आजार मुळात जन्मापासूनचाच होता. जे दावे या शोधाच्या आधी निकाली निघाले, त्यांच्या वेळी हे कुणालाच ठाऊक नव्हते. कार्यकारणाविषयी हातात असलेले ज्ञान अपुरे असताना निर्णय घ्यावा लागणे ही या योजनेतली नित्याची स्थिती आहे, आणि तडजोडीची गरज त्यातूनच निर्माण होते.

भरपाई मिळण्याचे मार्ग तीन. सरकारच्या डॉक्टरांनी कागदपत्रे पाहून दावा योग्य असल्याचे मान्य केले, तर मग केवळ रकमेचा प्रश्न उरतो. सरकारने विरोध केला आणि स्पेशल मास्टरने साक्षीपुरावा ऐकून अर्जदाराच्या बाजूने निकाल दिला, तर तो दुसरा मार्ग. तिसरा मार्ग तडजोडीचा, आणि योजना चालवणाऱ्या खात्याच्याच सांगण्यानुसार दिलेल्या एकूण भरपायांपैकी सुमारे साठ टक्के याच मार्गाने दिल्या गेल्या आहेत. अशा प्रकरणांत लशीने इजा झाली असा निष्कर्ष ना सरकारने काढलेला असतो, ना न्यायालयाने. म्हणून ‘इतक्या लोकांना भरपाई मिळाली, म्हणजे इतक्या लोकांना लशीने इजा केली’ हे गणित मुळातच चुकते. आणि अर्ज केला की तडजोड होतेच असेही नाही. स्वमग्नता लशींमुळे होते असे म्हणणारे पाच हजारांहून अधिक दावे एकत्र करून त्यांतील निवडक दाव्यांची सविस्तर सुनावणी झाली, आणि २००९ व २०१० मध्ये स्पेशल मास्टर्सनी ते फेटाळले.

मग ज्या दाव्यात दोन्ही बाजू आपापल्या भूमिकेवर ठाम आहेत, तिथे तडजोड का होते? एक कल्पित उदाहरण घेऊ. एका माणसाने फ्लूची लस घेतली आणि पंचेचाळीसाव्या दिवशी त्याच्या पायांत मुंग्या येऊन जीबीएस सुरू झाला. तक्त्याची मुदत बेचाळीस दिवसांची, म्हणजे तो तीन दिवसांनी चुकला. शिवाय आजाराच्या पंधरा दिवस आधी त्याला जुलाब झाल्याची नोंद त्याच्या डॉक्टरांकडे आहे, आणि जीबीएसच्या आधी जुलाबाचा किंवा श्वसनाचा संसर्ग झालेला असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. सरकारी वकील म्हणतील की कारण जुलाबच. अर्जदाराचा मज्जाविकारतज्ज्ञ म्हणेल की रोगप्रतिकारक यंत्रणा बेचाळीसाव्या दिवशी रात्री बारा वाजता काम थांबवत नाही, पंचेचाळीसावा दिवसही वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे, आणि जुलाबांच्या वेळी कोणता जंतू होता याची तपासणी कुणी केलेलीच नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. स्पेशल मास्टर कोणाचे ऐकतील हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही.

समजा, अर्जदार जिंकला तर त्याला चार लाख डॉलर मिळतील आणि हरला तर काहीच नाही, आणि दोन्ही वकिलांना मनातल्या मनात शक्यता निम्मी-निम्मी वाटते. मग दोन लाखांच्या आसपासचा आकडा दोघांनाही पटू लागतो. तज्ज्ञांचे अहवाल, त्यांना उत्तर देणारे अहवाल, सुनावणी आणि अपील यांत आणखी काही वर्षे घालवण्यापेक्षा अर्जदाराला आज मिळणारी रक्कम परवडते. आणि सरकारलाही संपूर्ण रकमेचा धोका तसेच आपल्याला गैरसोयीचा नवा दाखला निर्माण होण्याची शक्यता टाळता येते. न्याय विभागाचे वकील यालाच खटल्यातील जोखीम लक्षात घेऊन केलेली तडजोड म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग मला प्रामाणिक वाटतो, कारण त्यात सत्य सापडल्याचा दावा नाही.

वाटाघाटींची सुरुवात बहुधा अर्जदाराच्या वकिलाकडून होते. वैद्यकीय नोंदी, बिले आणि पगाराची कागदपत्रे जोडून तो एक मागणीपत्र पाठवतो, आणि सरकारी वकील उलट आकडा सांगतो. पूर्वी निकाली निघालेल्या तशाच दाव्यांत किती रक्कम दिली गेली, हे दोघेही समोर ठेवतात. खांद्याच्या दाव्यांत तर शस्त्रक्रिया झाली होती का, दुखणे किती महिने टिकले, सुरुवातीला डॉक्टरकडे जायला किती उशीर केला, अशा तपशिलांवरून आकडा वरखाली होतो. मात्र आकडा ठरला तरी सरकारी वकिलाला तो स्वतःच्या अधिकारात कबूल करता येत नाही, वरिष्ठांची संमती घ्यावी लागते, आणि म्हणून तत्त्वतः सहमती झाल्यानंतरही सही होण्यास वेळ लागतो.

आकड्याला कायद्याच्या मर्यादाही आहेत. वेदना आणि मानसिक त्रास यांसाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर मिळू शकतात, आणि मृत्यूसाठीही २,५०,००० डॉलरच. हे आकडे १९८६ मध्ये लिहिले गेले आणि महागाई कितीही वाढली तरी तेथेच गोठून राहिले आहेत. या योजनेतील सर्वांत अन्यायकारक गोष्ट कोणती असे कुणी मला विचारले, तर मी याच आकड्याकडे बोट दाखवीन. याउलट उपचारांचा आणि देखभालीचा, विमा किंवा इतर कुणी न दिलेला खर्च तसेच बुडालेली कमाई यांना अशी ठरावीक कमाल मर्यादा नाही. लहान मुलाची कमाई बुडाली असे दाखवता येत नाही, कारण ते अजून कमावतच नसते. त्यासाठी कायदा असे मानतो की अठरा वर्षांचे झाल्यावर त्याने खासगी क्षेत्रातील सरासरी कामगाराइतके कमावले असते.

वकिलाची फी हा येथील सर्वांत वेगळा भाग. ती भरपाईतून कापली जात नाही आणि अशिलाकडून वेगळी घेण्यासही कायद्याने बंदी आहे. न्यायालय ती स्वतंत्रपणे मंजूर करते, आणि दावा प्रामाणिकपणे व वाजवी आधारावर केलेला असेल तर हरल्यानंतरही देऊ शकते. त्यामुळे तडजोडीच्या आकड्यातून वकिलाचा वाटा वजा करण्याचा प्रश्न उरत नाही. ठरलेली रक्कम अर्जदाराचीच.

आता तो तडजोडनामा. या न्यायालयात त्याला ‘स्टिप्युलेशन’ म्हणतात, आणि त्याचा साचा इतका ठरून गेलेला आहे की एक वाचला की बाकीचे ओळखीचे वाटतात. अर्ज कधी केला, लस कोणत्या तारखेला आणि कुठे घेतली, अर्जदाराचे म्हणणे काय, याच इजेसाठी पूर्वी कुठून भरपाई घेतलेली नाही ना, ही माहिती क्रमाने येते. त्यानंतर प्रतिवादीचा इन्कार येतो. त्यापुढचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे: आपापल्या वरील भूमिका कायम ठेवून, दोन्ही पक्ष आता हा वाद मिटवण्यास सहमत आहेत. मग रक्कम. पुढे अर्जदार या लशीबाबत अमेरिकेच्या सरकारविरुद्धचे आपले सर्व दावे सोडून देतो, आणि रक्कम ही दायित्व व नुकसान या दोन्हींबाबतच्या भूमिकांत केलेली तडजोड असू शकते असे दोघे मान्य करतात. शेवटी पुन्हा एकदा स्पष्ट केले जाते की हा कागद म्हणजे लशीने इजा झाल्याची कबुली समजू नये. स्पेशल मास्टरने यातील अटींशी तंतोतंत जुळणारा निर्णय दिला नाही, तर कोणत्याही पक्षाला तडजोड रद्द करता येते.

ज्याच्या आयुष्याची घडी एका आजाराने विस्कटली आहे, त्याला हा इन्कार वाचून सही करणे जड जाते. पण सही करताना अर्जदार आपले म्हणणे मागे घेत नाही. त्याचाही आरोप त्याच कागदावर, इन्काराच्या आधी, छापलेला राहतो.

सही झाल्यावर स्पेशल मास्टर तडजोडनामा स्वीकारून लेखी निर्णय देतात. हा निर्णय सार्वजनिक होतो. त्यातील खासगी वैद्यकीय माहिती झाकण्याची विनंती करायची असेल तर चौदा दिवस मिळतात, आणि अल्पवयीन मुलांची नावे आद्याक्षरांनी लिहिता येतात. निर्णयाविरुद्ध पुनर्विलोकन मागण्याची तीस दिवसांची मुदत असते, पण तडजोडीत कुणालाच ते मागायचे नसल्याने दोन्ही पक्ष बहुतेक वेळा तसे लिहून देतात आणि हुकूमनामा लवकर निघतो.

अर्जदारासमोर आणखी एक पायरी असते. हुकूमनामा निघाल्यापासून नव्वद दिवसांत त्याला लेखी कळवावे लागते की आपण तो स्वीकारत आहोत की नाकारून दिवाणी न्यायालयात जात आहोत. वेळेत काहीच कळवले नाही, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. तडजोड करणारा माणूस अर्थातच स्वीकारतो, आणि स्वीकारताच त्या इजेसाठी लस-उत्पादकावर किंवा लस देणाऱ्यावर दिवाणी दावा लावण्याचा त्याचा मार्ग बंद होतो.

कोविड-१९ च्या लशींना मात्र हे काहीच लागू नाही, आणि याबाबत फार गोंधळ आहे. त्या २००५ च्या एका वेगळ्या आणीबाणी-कायद्याखालच्या योजनेत येतात. तिथे लस घेतल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, वेदनांसाठी पैसे नाहीत, वकिलाची फी नाही, आणि न्यायालयही नाही. त्यामुळे स्पेशल मास्टरसमोर समोरासमोर बसून वाटाघाटी करण्याची संधीच तिथे उपलब्ध नसते.

भरपाई लहान मुलाला मिळायची असेल, तर पैसे हाती येण्यास आणखी वेळ लागतो, कारण राज्याच्या न्यायालयाने मुलाच्या मालमत्तेचा पालक नेमल्याचा आदेश आधी दाखल करावा लागतो. ज्या मुलाला जन्मभर देखभाल लागणार आहे, त्याच्यासाठी सगळी रक्कम एकदम न देता तिच्या एका भागातून विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे ठरावीक काळाने पैसे देत राहणारी योजना, विकत घेतली जाते, आणि त्यासाठी पुढील प्रत्येक वर्षी त्याला कोणते उपचार, कोणती उपकरणे आणि किती तासांची मदत लागेल याचा तक्ता दोन्ही बाजूंचे देखभाल-नियोजक मिळून ठरवतात. सरकारने दायित्व नाकारलेल्या तडजोडीतही असा तक्ता बारकाईने तयार होऊ शकतो, अगदी कोणत्या वर्षी नवी चाकाची खुर्ची घ्यावी लागेल इथपर्यंत.